बारीवरचा कॅमेरा

दसरा सरला की कोल्हापुरात सकाळी कोरडा गारवा येतो. दुकानाचं शटर हाताला गार लागतं आणि गारगोटीकडून येणाऱ्या एसटीतून उतरलेल्या माणसांच्या अंगाला पिकल्या भाताचा वास असतो. थोडा गवताचा, थोडा दुधाचा, थोडा वाळत आलेल्या चिखलाचा. माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथं काचा पुसायच्या पाण्याचा आणि नव्या फ्रेमच्या प्लॅस्टिकचा वास कायमचा मुरलेला. त्यात एखादं गिऱ्हाईक भाताचा वास घेऊन शिरलं की माझं काम पाच मिनिटं बिघडतं. नंबर लिहिता लिहिता पेन थांबतं. समोरच्याला वाटतं, आपल्या डोळ्यात काहीतरी मोठं निघालं.

तसा भाताशी माझा संबंध ताटापुरताच. आमचं मूळ घर जयसिंगपूरचं, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातलं. घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं, आईला आम्ही अव्वा म्हणतो आणि स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. अशा घरातला माणूस सुगीला शिकारीला जातो हे कळल्यावर पाहुणेमंडळी आवाज खाली आणून बायकोकडे चौकशी करायची. ती शांतपणे सांगायची, जातात खरं, पण मारत नाहीत, मारणाऱ्याच्या मागं बसून फोटो काढतात. एवढ्यानं पाहुण्यांचं समाधान व्हायचं नाही, पण पुढं काय विचारावं हेही त्यांना सुचायचं नाही.

शिकार हा शब्द तसा त्या कामाला मोठाच होता. गारगोटीच्या पुढं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं ते गाव. लोंब्या भरायला लागल्या की रानडुकरं उतरायची. डुक्कर भात खातं थोडं, लोळून आणि उकरून नासतं जास्त. चार महिने पाण्यात वाकून लावलेलं खाचर सकाळी बघावं तर नांगर फिरवल्यासारखं दिसायचं. मग गावचे लोक अर्ज करत, पंचनामे होत, आणि एखाद्या वर्षी डुकरांपुरती मारायची परवानगी हातात पडे. मारलेलं जनावर पंचांसमोर पुरायचं, घरी न्यायचं नाही. पूर्वी मटणाचे वाटे पडत, जनावर उठवणाऱ्या हाकाऱ्यांना, कुत्र्यांना, बंदुकीला वेगळा. आता वाटे गेले आणि उरला तो फक्त मान. पण मानासाठी माणसं मटणापेक्षा जास्त भांडतात, हे मी तिथंच बघितलं.

गावातली बंदूक आबांची. पीक राखायच्या परवान्यावरची जुनी ठासणीची बंदूक, नळीत दारू ठासून वर केप लावायची. आबा माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. नव्वदच्या सुमाराला ते बायकोला चष्मा करायला दुकानात आले आणि डोळे तपासून होईपर्यंत दारातच उभे राहिले. मी म्हटलं, तुम्हीही बसा, बघून टाकू. ते म्हणाले, बंदूकवाल्यानं या खुर्चीत बसायचं नसतं. मला त्यांचा ताठा आवडला. त्या भेटीतून ओळख वाढली आणि पुढच्या सुगीला मी त्यांच्या घरच्या सोप्यावर मुक्कामाला होतो.

खुर्चीत न बसण्याचं कारण मला तिथं गेल्यावर कळलं. हाक्याला त्या गावात नियम होते आणि ते कुठं लिहिलेले नव्हते. हाकारे खालच्या ओढ्यापासून रांग धरून, डबे बडवत, ओरडत वर चढायचे. डुक्कर त्यांच्या पुढं पळत टेकडीच्या खिंडीकडे यायचं. त्या खिंडीला बारी म्हणायचे. बारीवर बंदूक. डाव्या अंगाला खोल घळ, तिथून डुक्कर निसटायचा धोका जास्त, म्हणून डाव्या टोकाला सगळ्यांत भरवशाचा हाकाऱ्या. ती जागा येसबाची. येसबा म्हणजे वरच्या वाडीवरचा गुरं राखणारा, आबांच्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. वीस वर्षं ती घळ त्यानं राखली होती. आणि बारीवर उभा राहणारा बिनचष्म्याचा हवा. डोळ्यांवर काच चढली की बारी सुटली. का, असं विचारलं तर कुणी कारण सांगायचं नाही. मी चष्मेवाला असल्यामुळे माझ्यासमोर तर लोक जास्तच हसायचे.

दुसरा नियम मला त्याहून विचित्र वाटायचा. हाका संपला की सगळे एका सपाट कातळावर जमायचे. तिथं पहिल्यांदा बंदूकवाला बोलणार. काय आलं, कुठून आलं, बार लागला की चुकला. त्याचं बोलणं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही आणि झाल्यावर कुणी ते खोडायचं नाही. बारीवर काय घडतं ते हाकाऱ्यांना दिसत नसे, त्यामुळे एकाच्या शब्दावर सगळा हिशेब मिटवायचा, ही त्यातली सोय. मी शहरातला, मला ते न्यायाला सोडून वाटायचं. पण आबांच्या तोंडून ऐकताना मीही मान डोलवायचो, कारण ते चुकलेला बारही लपवत नसत. बार फुकट गेला, माझी चूक, म्हणून मोकळे व्हायचे.

नव्वदीतल्या त्या वर्षांत माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचा, कोल्हापुरात येऊन धुवायला टाकायचा आणि आठ दिवस वाट बघायची. आठ दिवसांनी हातात पडायचं ते काळंनिळं काहीतरी. करवंदीची जाळी ओळखू यायची, तिच्यात एक गडद डाग. मी बायकोला दाखवून सांगायचो, हे बघ डुक्कर. ती म्हणायची, तुम्ही सांगताय म्हणजे असेल. पाच-सहा सुगीचे असे डाग माझ्याकडे एका अल्बममध्ये आहेत. त्यातल्या एका फोटोत खरंच डुक्कर आहे की आबांचं घोंगडं, याबद्दल मी आता छातीठोक काही सांगणार नाही.

मग डिजिटल कॅमेरे आले. दोन हजार सालानंतर चारेक वर्षांत राजारामपुरीतल्या दुकानांच्या काचेत ते दिसायला लागले आणि मी रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं घरी जायला लागलो. माहितीपत्रकं जमवली. लेन्स हा माझ्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे मी स्वतःला फार जाणकार समजत होतो. कुठला घ्यावा हे मात्र दोन महिने ठरेना. शेवटी श्रावणात आबा काही कामानं कोल्हापुरात आले, त्यांना सोबत घेऊन गेलो. ते म्हणाले, "हत्यार घेताना एकट्यानं जाऊ ने. दुसऱ्याच्या बी हातात देऊन बगावं."

दुकानातल्या विक्रेत्यानं आधी एक छोटा, चांदीसारखा चकचकीत कॅमेरा काढला. खिशात मावणारा. पाच मेगापिक्सेल, असं त्यानं तीनदा सांगितलं. आबांनी विचारलं, त्याचा पल्ला किती? विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही. आबांनी कॅमेरा हातात घेऊन वजन अजमावलं आणि गालाशी कुठं टेकवायचा ते शोधलं. टेकवायला जागाच नव्हती, कारण त्याला डोळा लावायचं भोकच नव्हतं, नुसता मागं पडदा. उन्हात त्या पडद्यावर आपलंच तोंड दिसायचं. शिवाय तो चार्जिंगवर चालणारा, आणि गावात तेव्हा वीज दिवसातून कितीदा जायची ते मोजणं लोकांनी सोडून दिलं होतं.

दुसरा होता काळा, जाडजूड, पुढं नळीसारखी मोठी लेन्स असलेला. बारापट जवळचं दाखवणारा. डोळा लावायला छोटी खिडकी, तिच्या बाजूला नजरेप्रमाणे फिरवायची बारीक चकती. चार पेन्सिल सेलवर चालायचा, आणि पेन्सिल सेल गारगोटीत पानटपरीवरही मिळत. तिसरा खरा एसएलआर. त्याची किंमत ऐकून आम्ही दोघांनी तो एकदमच खाली ठेवला.

डिजिटल कॅमेऱ्यांची तेव्हाची खोड अशी की बटण दाबलं की ते दम खायचे. आधी लेन्स किरकिरायची, मग विचार, मग फोटो. तोवर समोरचं जनावर दुसऱ्या तालुक्यात. मी हे आबांना बिचकत सांगितलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ठासणीची बंदूकही दम खाते, केप फुटते आणि मग दारू पेटते, असं ते म्हणाले. म्हणून जनावर असतं तिथं बार टाकायचा नाही, जिथं पोचणार तिथं टाकायचा. मग आम्ही दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यावरच्या रिक्षांवर दोन्ही कॅमेरे चालवून बघितले. चकचकीत कॅमेऱ्यानं नुसता रस्ता दिला. जाड्या कॅमेऱ्यात मागची अर्धी रिक्षा आली. "निम्मी रिक्षा म्हंजे निम्मं डुक्कर," आबा म्हणाले. "ह्योच घ्या."

विक्रेता खोका बांधायला लागला तरी आबा तो कॅमेरा सोडेनात. डोळ्याला लावून, चकती फिरवून फिरवून ते रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचत होते. एकेक अक्षर सावकाश. औषधाचं दुकान, त्याच्या वर शिकवणीचा क्लास, त्याच्या वर एका वकिलाचं नाव. वीस वर्षं ते त्या रस्त्यानं जात-येत होते. मला हसू आलं. म्हटलं, आबांना खेळणं सापडलं. मी विक्रेत्याला सांगितलं, बांधा, यांच्या पसंतीचाच घेतलाय.

त्या सुगीतलं काय काय आठवतं? सकाळी धुकं वर उचलताना ऐनाच्या पानांवरून टपटप पडणारं दव. बारीवर बसलं की पायाखालच्या खडकाचा गारठा मांडीपर्यंत चढायचा, मग हळूहळू पाठीवर ऊन यायचं. आबांच्या बंदुकीच्या दारूचा आंबट वास. लांब खाली डब्यांचा आवाज सुरू व्हायचा, आधी ऐकू येतोय की भास आहे ते कळायचं नाही. पुढून पळणारे रानकोंबडे, एकदा भेकर, एकदा चक्क गव्याची गाय आणि तिचं पाडस, आमच्याकडे बघत, कुणाला न घाबरता संथ गेलेली. मी कॅमेऱ्याचा आवाज बंद करून ठेवला होता आणि पुढं लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. दोन हाक्यांच्या मधल्या वेळात आबा कॅमेरा मागून घ्यायचे आणि समोरचा उतार बघत बसायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं. साठीचा माणूस आणि नवीन वस्तूची केवढी ओढ, असं.

मारणाऱ्याच्या मागं बसून फोटो काढणाऱ्याची जागा फार सोयीची असते. रक्त त्याच्या हाताला लागत नाही आणि थरार मात्र पुरा मिळतो. डुक्कर मेलं तर गावाचं पीक वाचलं, सुटलं तर जीव वाचला, आणि दोन्हीकडून फोटो माझा. ही सोय मला कळत होती. मी ती कळूनही वापरत होतो. घरी कुणी टोकलं तर मी म्हणायचो, मी फक्त बघतो. हे सांगताना मला आपण इतरांपेक्षा स्वच्छ आहोत असं वाटायचं, हेही कबूल करायला हवं.

दिवाळीच्या आधी तीन-चार दिवस असतील. खालच्या आळीतली खाचरं कापणीला आली होती आणि एका मोठ्या सुळेवाल्या नरानं आठवडाभर गावाला हैराण केलं होतं. परवानगीचे दिवसही संपत आले होते. त्या सकाळी सगळा गाव हाक्याला आला. आबा बारीवर, मी त्यांच्या उजव्या खांद्यामागच्या दगडावर. डबे वाजायला लागले. आणि डाव्या अंगानं, जिथून येसबा वर रेटत होता तिथून, कारवी हलली आणि डुक्कर बाहेर आलं.

ते पळत नव्हतं. चालत आलं आणि वीस पावलांवर, उघड्यावर, आडवं उभं राहिलं. अंगावर वाळलेला चिखल, पाठीवरचे उभे केस, एक सुळा तुटका. नाकपुड्या हलताना दिसत होत्या. जनावर उभंच असल्यामुळे कॅमेऱ्याच्या दमाचं काही नडलं नाही. मी बटण दाबलं. लेन्स किरकिरली, खिडकीत चित्र गोठलं, आणि मला कळलं की आयुष्यातला एकमेव चांगला फोटो आपल्याला मिळाला आहे. मी आबांकडे बघितलं. बंदूक खांद्याला होती, बोट घोड्यावर होतं. ते बोट त्यांनी हळूच उचललं आणि लाकडावर आडवं ठेवलं. डुक्कर एकदा फुसफुसलं आणि दोन खडकांमधून पलीकडे उतरून गेलं.

मला वाटलं, दया आली. इतकं जवळ, इतकं निवांत उभं राहिलेलं जनावर, आणि या माणसानं त्याला जाऊ दिलं. बारीपासून कातळापर्यंत जायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं माझं मन भरून आलं होतं. आबांच्या मागून चालताना मी घरी जाऊन अव्वाला हे कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

कातळावर माणसं जमली. आबा मधोमध उभे राहिले. "हिकडं काय आलंच न्हाय," ते म्हणाले.

मला धक्का बसला, पण मी लगेच त्याची सोय लावली. खरं सांगितलं तर गाव त्यांना फाडून खाईल, अख्ख्या गावाचं पीक पणाला लागलेलं असताना दया कसली, असं मी मनात म्हटलं. कॅमेरा गळ्यात होता. माणसं माझ्याकडे वळायच्या आत अंगठा कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेल्या बटणावर गेला. पुसू का, असं पडद्यानं विचारलं. मी हो म्हटलं. रोलच्या कॅमेऱ्यात हे जमलं नसतं. आठ दिवसांत माझंही डोकं ठिकाणावर आलं असतं. आणि मैत्रीखातर केलं, असं मी कितीही म्हटलं तरी त्यात दुसरी गोष्टही होती. आबा नसते तर चष्म्याच्या दुकानदाराला बारीवर कुणी बसू दिलं असतं?

येसबा शेवटी आला. धापा टाकत होता, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या. त्याला आबांचा शब्द सांगितला गेला तेव्हा तो म्हणाला, मी डुक्कर बारीवर घातलंय, वर चढताना माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुणीतरी विचारलं, मग काय आबा खोटं बोलतात? येसबानं आबांकडे बघितलं. आबा घळीकडे बघत होते. मग एक जण माझ्याकडे आला आणि फोटो आहे का म्हणाला. मी पडदा त्याच्यापुढे धरला. कारवी, ऐनाचं झाड, एक बुलबुल, पुन्हा कारवी. "काही आलं नाही," मी म्हणालो. हे मला कुणी सांगायला लावलेलं नव्हतं.

येसबानं घळीतनं सोडलं, एवढाच निष्कर्ष निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीतली चार खाचरं उलथून पडलेली होती आणि ज्यांची ती होती त्यांनी येसबाच्या वाडीवर जाऊन नको नको ते बोलून घेतलं. त्याच दिवशी ठरलं की डावं टोक आता दुसऱ्याकडे, येसबानं मधल्या रांगेत डबे बडवावेत. तो डबे बडवायला आला नाही. मी त्या दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला परतलो. दिवाळीची गिऱ्हाइकी होती.

दिवाळीचा पाडवा झाल्यावर आबा दुकानात आले. या वेळी दारात थांबले नाहीत. म्हणाले, तुमचा कॅमेरा किरकिरलेला मी ऐकला होता, त्या दिवशीचा फोटो काढून द्या, येसबाला आणि गावाला दाखवायचा आहे. मी फोटो पुसल्याचं सांगितलं. का, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही दया करून सोडलंत, ते लोकांना कळू नये म्हणून.

"कसली दया?" ते म्हणाले. "फुसफुसल्यालं ऐकलं. काळं कायतरी दिसलं. डुक्कर हाय का येसबा चढून आलाय, कळंना. म्हणून बोट काढलं."

मग ते आपण होऊन खुर्चीत बसले. मी दिवा लावला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसला होता, डाव्यात निम्म्यावर आला होता. सगळ्यांत वरचं मोठं अक्षर त्यांनी अंदाजानं सांगितलं आणि ते चुकलं. नजर तपासणी हा माझा धंदा. बारीवर त्यांच्या खांद्यामागं बसून मी कुठल्या फांदीवर कुठला पक्षी आहे ते टिपत होतो, आणि हातभर अंतरावरचा माणूस, त्याला दिसत नाही म्हणून माझा कॅमेरा मागून घेतोय हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. आबा मात्र हलके झाल्यासारखे दिसत होते. फोटो नाही तर नाही, मी तोंडानं सांगतो, म्हणाले आणि गेले.

त्यांनी सांगितलं. कातळावर माणसं जमवून सांगितलं की डुक्कर आलं होतं, मला दिसलं नाही, मी खोटं बोललो, येसबाचा दोष नाही. हे मला नंतर गारगोटीकडच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आणि हेही कळलं की कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. बारीवरचा पहिला शब्द तोच खरा. आबा मोठ्या मनाचा माणूस, येसबाची लाज राखायला स्वतःवर घेतोय, असं लोक कौतुकानं म्हणाले. आबांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. गावात त्यांचा मान होता त्याच्या दुप्पट झाला. येसबाचं मात्र होतं तसंच राहिलं, उलट आता आबांना त्याच्यापायी खोटं बोलावं लागलं, असाही ठपका वर आला.

मी जाऊन साक्ष द्यायला हवी होती. ते मला तेव्हाही कळत होतं. सुगी संपली, आता कुणाला काय त्याचं, असं मी धरून चाललो. पुराव्याचा फोटोच नाही, मग नुसतं बोलून काय होणार, असंही म्हणायचो. आबांचंच कुणी ऐकलं नाही तर माझं काय ऐकणार, हे तर मला फारच पटलं होतं.

चैत्रात, भर दुपारी, येसबा दुकानात आला. गर्दी नव्हती. एसटीनं एकटाच आला होता. डोळे तपासायचेत म्हणाला. मी विचारलं, काय त्रास होतो? काही नाही म्हणाला, पण तपासा. त्याला अक्षरं येत नव्हती. म्हणून मी तीन दातांच्या कंगव्याचा तक्ता लावला. कंगव्याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. त्यानं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे करत सगळ्या ओळी दाखवल्या. शेवटची, नखाएवढ्या कंगव्यांची ओळ चाळिशीतली माणसंही चुकतात. तो एकदाही अडखळला नाही. मी त्याला पुन्हा एकेक डोळा झाकून बघायला लावलं. तसंच.

"तुझी नजर एकदम स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"लांबचं बी?"

"लांबचं तर माझ्यापेक्षा चांगलं."

"समदं गाव म्हणतंय, तुला भास झाला," तो म्हणाला. "सा म्हैनं ऐकतोय. आता माजं मलाच वाटाय लागलंय, की खरंच दिसल्यालं का न्हाय. म्हणून आलो." मग त्यानं खुर्चीतूनच माझ्याकडे मान वळवली. "त्या दिशी बारीवर डुक्कर चढल्यालं का न्हाय, शेट?"

दिवा चालूच होता. मी तो बंद केला.

"चढलं होतं," मी म्हणालो. "माझ्यासमोर उभं होतं. मी बघितलं."

येसबा उठला. टोपी डोक्यावर नीट बसवली. त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, आणि सुटल्यासारखंही काही दिसलं नाही.

"मंग माजं डोळं कशाला तपासलासा?" तो म्हणाला.